गप्प पोरांच्या भुलाबाई

वॉर्डात शिरलेल्या डॉक्टरांची पावलं आपसूक रडणाऱ्या मुलाकडे वळतात. भुलाबाईंची वळत नसत. कोणी गळा काढून रडत असलं तर त्या तिकडे एकदा मान वळवून बघत आणि पुढे जात. त्या थांबत त्या कोपऱ्यातल्या एखाद्या पाळण्यापाशी, जिथे सकाळी ऑपरेशन झालेलं मूल डोळे उघडे ठेवून, हूं की चूं न करता पडलेलं असे. "तो रडून राहिला ना, म्हणजे त्याच्यात जोर आहे," त्या मला म्हणत. "हा गप्प काहून आहे, ते सांग मले."

त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. मुलांचे आईबाप त्यांना 'बेहोशीवाली मैडम' म्हणत. मी अकोल्याकडची, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे रायपुरात आलेली आणि इथेच या मुलांच्या रुग्णालयात सिस्टर झालेली. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून पोरी भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. भूल देणाऱ्या बाई त्या भुलाबाई, असं मी एकदा दुसऱ्या एका मराठी सिस्टरला हसत म्हटलं आणि ते नाव चिकटलं. त्यांच्या कानावर गेलंच. मी घाबरले होते, पण त्यांनी मला थिएटरच्या दारात गाठून एवढंच विचारलं, "भुलाबाई म्हणून राहिली ना तू मले? मग खाऊ कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी मी चिवडा नेला. त्यांनी डबा उघडायच्या आधी कानाशी धरून हलवला आणि म्हणाल्या, "चिवडा. शेंगदाणे कमी टाकले." तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. इतक्या पिढ्यांनंतर त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी मिसळली होती, पण उरलेली निम्मी त्या सोडत नसत. लग्न केलं नव्हतं. तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यात भावाच्या घरी राहत. भाऊ वारल्यावर भाचा आणि भाचेसून यांच्या संसारात त्यांची एक खोली होती. त्या भाच्याशी मराठीत बोलत आणि तो हिंदीत उत्तर देई. याचं त्यांना वाईट वाटत नसे. "समजतं ना त्याले, पुरे," म्हणत. कशा आहात मॅडम, असं कोणीही, कधीही विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "थकली न मी." सकाळी आठलाही तेच. पहिल्या पहिल्यांदा मला ती बोलायची लकब वाटायची. पुढे कळलं की त्या खरं तेच सांगत होत्या.

कोणत्याही मुलाला हात लावण्याआधी त्या चहाचा गरम ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभ्या राहत. चहा त्या पीत नसत. तो निवला की आयाबाईला देऊन टाकत. रायपूरच्या नवतपात, मे अखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, खिडकीतून झळा येत असताना आणि कूलर नुसताच घरघरत असतानासुद्धा हा ग्लास लागेच, कारण त्या एसी लावलेल्या थिएटरमधून बाहेर यायच्या आणि त्यांची बोटं गार असायची. टाके घातलेल्या पोटावर गार बोट ठेवलं तर मूल आक्रसतं आणि मग ते दुखण्याने आक्रसलं की गारव्याने हे कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुई टोचायची असेल तर आधी बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचे थेंब टाकायला लावत आणि जमलं तर आईच्या छातीशी धरूनच टोचत. घाईत कोणी हे विसरलं तर मात्र त्यांच्या तोंडाला लगाम नसे. ताप बघायला म्हणून मी एकदा नुकतंच झोपलेलं मूल उठवलं, तेव्हा सगळ्यांदेखत इतकं बोलल्या की मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या शिकत होत्या तेव्हा तान्ह्या मुलांना दुखण्याचं औषध जवळपास देतच नसत. नुसतं हलू नये इतकी भूल द्यायची आणि नंतर रडलं तर भूक लागली म्हणायचं. इतक्या लहानाला कळत नाही, पुढे आठवतही नाही, असं शिकवणाऱ्यांचंही म्हणणं होतं. "पुढे आठवणार नाही म्हणून आत्ता दुखत नाही का?" हा त्यांचा सवाल. तो त्यांनी शिकताना कोणाला विचारला होता की नाही माहीत नाही. आमच्याकडे आल्यावर मात्र ज्याला त्याला विचारत. साधं तापाचंच औषध, पण ते रडण्याची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायचं, हे त्यांनी वॉर्डाला लावून दिलं. लहान ऑपरेशनच्या वेळी माकडहाडाजवळ एक सुई देऊन त्या कमरेखालचा भाग बधिर करत, म्हणजे मूल जागं झालं तरी काही तास सुखात राही. मोठी ऑपरेशनं झालेल्यांचा प्रश्न उरे. त्यांना एवढ्याने भागत नसे. त्यांना मॉर्फिन लागे आणि त्यावरूनच त्यांचं आणि मोठ्या सरांचं वाजे.

मोठे सर म्हणजे आमचे सर्जन. हाताने अतिशय हलके, बोलायला मऊ. मुलांवर त्यांची माया नव्हती असं कोणी म्हणणार नाही. पण शिकाऊ असताना त्यांच्या डोळ्यांसमोर एक बाळ असल्याच इंजेक्शननंतर झोपलं ते उठलंच नव्हतं. हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यामुळे रडणारं मूल त्यांना सहन होई, गाढ झोपलेलं होत नसे. "मैडम, रोता हुआ बच्चा साँस तो ले रहा है," ते म्हणत. भुलाबाई यावर कधी हसल्या नाहीत. त्यांनाही ती भीती होतीच.

बीरगावची एक मुलगी आठवते. सात-आठ महिन्यांची असेल. बाप शेजारच्या उरला औद्योगिक भागात रोलिंग मिलमध्ये कामाला. आतड्यात आतडं शिरून बसलं होतं, म्हणून पोट उघडावं लागलं. पहिला दिवस ती रडली. दुसऱ्या दिवशी थांबली. आई पाळण्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "अब चुप हे दीदी, बने हे." म्हणजे आता बरी आहे. मोठे सरही बघून समाधानाने पुढे चालले होते. तेवढ्यात भुलाबाई थिएटरमधून आल्या. ग्लास धरून झाला आणि त्यांनी चादर बाजूला केली. मुलीचे गुडघे पोटाशी ओढलेले होते. मुठी आवळलेल्या. श्वास वरच्या वर, जणू खोल घेतला तर काही सांडेल. त्यांनी आईला दूध पाजून बघायला सांगितलं. मुलीने तोंड फिरवलं. आईच्या चेहऱ्याकडेही बघितलं नाही.

"बच्ची सो रही है मैडम, रहने दीजिए," सर म्हणाले.

"आँखें खुली हैं सर."

सर परत आले. दोघंही त्या मुलीकडे बघत राहिले. मग सर म्हणाले, "कम से कम दीजिए. और आप यहीं रहिए." भुलाबाई राहिल्या. औषध हळूहळू गेलं. आधी एक मूठ सुटली, मग दुसरी. गुडघे खाली आले. कपाळावरची आठी गेली, तेव्हा ती तिथे होती हे मला कळलं. मुलगी झोपली. संध्याकाळी उठली ती ठणाणा करत. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून सर म्हणाले, "लीजिए, अब रो रही है आपकी बच्ची."

"अब भूख लगी है सर," भुलाबाई म्हणाल्या. आणि ती खरंच दूध प्यायली.

त्यानंतर सरांचा विरोध सैल झाला. वॉर्डात मॉर्फिन येऊ लागलं, थोडंथोडं, नळीतून. भुलाबाईंची अट एकच होती. औषध चालू असलेल्या मुलाकडे एक सिस्टर सतत बघत पाहिजे, दुसरं काही काम न करता. व्यवस्थापनाकडे त्यांनी ती माणसं मागितली. "देखते हैं," असं उत्तर आलं. आम्ही अख्ख्या वॉर्डाला दुपारच्या पाळीत दोघी होतो आणि दोघीच राहिलो.

जे व्हायचं ते एका दुपारी झालं. अभनपूरच्या एका शाळामास्तरांचा मुलगा, अजून अंगावर पिणारा, मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालेला. औषध बरोबर होतं, मापात होतं. पण प्रत्येक मुलाचं अंग वेगळं. मी पलीकडच्या पाळण्यापाशी निघालेलं सलाईन परत लावत होते. मान वळवून बघितलं तर त्याचे ओठ काळसर दिसले. छातीची हालचाल थांबलीच म्हणण्याइतकी मंद झाली होती. मी नळी बंद केली, मास्क लावून फुग्याने श्वास द्यायला लागले आणि दुसरीने भुलाबाईंना हाक मारली. गुडघे दुखणाऱ्या त्या बाई जिन्यावरून कशा आल्या कोणाला माहीत. त्यांनी उतारा दिला. आम्ही श्वास देत राहिलो. मुलाने हातपाय हलवले आणि रडायला लागला.

मास्तरांनी हे सगळं काचेतून बघितलं होतं. बाहेर नातेवाईक जमले. व्यवस्थापनातले एक गृहस्थ भुलाबाईंना म्हणाले की तब्येत अचानक बिघडली एवढंच सांगा, बाकी आम्ही बघतो. त्या त्यांना ओलांडून सरळ मास्तरांपाशी गेल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

"दवा मैंने दी थी," त्या म्हणाल्या. "उससे साँस धीमी हो गयी. सिस्टर ने देख लिया. अब ठीक है, पर आज मैं उसके पास से उठूँगी नहीं."

"दी क्यों?"

"दर्द था, इसलिए."

नातेवाईकांपैकी कोणीतरी आवाज चढवला, त्याला मास्तरांनी हातानेच थांबवलं. मग विचारलं, "फिर दर्द हुआ तो?"

"फिर दूँगी. उससे कम. और बैठी रहूँगी."

"हव," मास्तर होकार देत म्हणाले. मुलगा बरा होऊन घरी गेला.

पण व्यवस्थापनाने बैठक घेतली आणि ठरवलं की यापुढे वॉर्डात असलं औषध द्यायचं तर भूलतज्ज्ञ डॉक्टरने स्वतः पाळण्याजवळ बसलं पाहिजे. कोणता डॉक्टर तासन्‌तास बसणार, तेव्हा औषध आपोआप बंद होईल, असा त्यांचा हिशेब होता. भुलाबाईंनी वाद घातला नाही. "ठीक आहे," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बसायला लागल्या.

सकाळी थिएटर, आणि थिएटर संपलं की वॉर्ड. कोणाच्या लग्नाला जाणं बंद झालं, सुट्ट्या बंद झाल्या. त्या बसत तेव्हा वाचत नसत, फोन बघत नसत. मुलांच्या आयांनी बोलायला सुरुवात केली तर एकदोन शब्द बोलत आणि "बस, मले पाहू दे," म्हणून गप्प होत. डबा मांडीवर ठेवून जेवत आणि घास तोंडाकडे नेतानाही नजर मुलाच्या छातीवर. खिडकीच्या चौकटीवर कारखान्यांची काळी भुकटी साचायची, ती त्या बोटाने पुसत बसत. संध्याकाळी उठताना पाळण्याचा दांडा धरावा लागे. पाय सुजून चपलेत मावेनासे झाले, तेव्हा भाच्याच्या रबरी चपला घालून येऊ लागल्या.

"मॅडम, किती दिवस बसणार असं?" मी विचारलं.

"दुसरं कोणी बसत नाही तवापर्यंत."

"आणि कोणी बसलंच नाही तर?"

"मग काय," त्या म्हणाल्या. "थकली न मी. डोकं नको खाऊ."

सगळ्यात वाईट दिवस तो, जेव्हा एकाच सकाळी दोन तान्ही मुलं थिएटरमधून आली. एक छातीचं, एक पोटाचं. एकाला आमच्या वॉर्डात जागा मिळाली, दुसऱ्याला जिन्यापलीकडच्या खोलीत. पाळणे शेजारी आणता येईनात, कारण छातीच्या मुलाची यंत्रं भिंतीतून निघणाऱ्या नळ्यांना जोडलेली होती आणि त्याच्याजवळ दुसऱ्या पाळण्याला जागा नव्हती. भुलाबाई आधी एकाला बघून आल्या, मग दुसऱ्याला. मग छातीच्या मुलाजवळ बसल्या, कारण त्याला प्रत्येक श्वासाला दुखत होतं. दुसऱ्याला साधं औषध होतं, बधिर केलेल्याचा थोडा अंमल होता, आई होती. तरी त्याचं रडणं जिना ओलांडून येत राहिलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आवाज ऐकू येऊन राहिला ना तुले? मलेही येतो." संध्याकाळी जाताना त्या दुसऱ्या मुलाच्या आईपाशी थांबल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. ती बाई त्यांचा हात धरून बसली होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या. हृदय दुबळं झालं होतं, म्हणून पायांवर सूज होती. आम्ही सगळ्यांनी ती गुडघ्यांच्या खात्यावर टाकलेली. डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं आणि या वेळी त्यांनी ऐकलं. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. शाल घरी पाठवून दिली गेली.

त्यांच्या जागी आलेला तरुण डॉक्टर वाईट नव्हता. पण त्याला दोन थिएटरं बघायची होती, बसायला वेळ कुठून आणणार. नियम होताच. मॉर्फिन कपाटात कुलूप लावून राहिलं. आम्ही औषधाच्या वेळा सांभाळल्या, साखरपाणी दिलं, मुलांना आयांच्या मांडीवर ठेवलं. लहान ऑपरेशनवाल्यांचं त्यात भागलं. बाकीच्यांचं रडणं आम्ही ऐकत राहिलो. दिवस संपला की घरी जाऊन मला कुकरची शिट्टीसुद्धा सहन होत नसे.

मोठ्या सरांनी किती दिवस सोसलं माहीत नाही. पूर्वी ते राउंड संपला की जात. आता वॉर्डाच्या दारात थांबू लागले. एका दुपारी तिथूनच त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, वो कोनेवाला चुप क्यों है?" ते आत आले, चादर उचलून बघितली आणि तशीच परत घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यवस्थापनाला कळवलं, की नुसती नजर ठेवायला वेगळी सिस्टर मिळेपर्यंत, जी ऑपरेशनं थांबू शकतात ती एक वर्षाखालच्या मुलांची ऑपरेशनं ते करणार नाहीत.

ते दिवस फार खराब गेले. लांबून आलेल्या आयांना परत पाठवावं लागे. त्या आम्हाला शिव्या देत, सरांना देत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. सर सगळ्यांना स्वतः भेटत आणि तेच तेच सांगत. त्यांचाही चेहरा उतरला होता. शेवटी व्यवस्थापन नमलं. चार पाळण्यांची एक खोली वेगळी झाली, आणि प्रत्येक पाळीला तिथे एक सिस्टर, जिला दुसरं काम नाही. पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलं. मॉर्फिन कपाटातून बाहेर आलं. सर मला म्हणाले, "मैडम को आप बता दीजिए. मुझसे नहीं होगा."

मी दुपारी तात्यापाऱ्यात गेले. भाच्याने दार उघडलं आणि आत हाक दिली, "आत्या, अस्पतालवाली सिस्टर आयी हैं." त्या उशांना टेकून बसल्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या. मी सगळं सांगितलं: सरांनी काय केलं, खोली कुठे आहे, पाळणे कसे लावलेत. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. सरांचं ऐकून चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण डोळे मिटलेलेच राहिले. झोप लागली असेल असं समजून मी उठायला लागले.

"रात्रीची सिस्टर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"रेखा."

"रेखाले झोप येते. तिचं लेकरू लहान आहे घरी, तिची दिवसा झोप होत नाही." थोडा दम घेऊन म्हणाल्या, "तिले दुपारचं दे."

मी हो म्हटलं. परत येऊन त्याच दिवशी ड्यूटी बदलली. भुलाबाई माघात गेल्या. रेखाचं लेकरू आता शाळेत जातं आणि रात्रभर नीट झोपतं, पण ती दुपारचीच आहे.